देल्मिराचा धूर, मार्बेलचा वारा

मार्बेल रोकाचा फोटो पेपरात आल्याचं देल्मिराला कळलं ते तिच्या वडिलांकडून, आणि तेच तिला जास्त लागलं.

सकाळचे सात वाजले होते. बोलिव्हियातल्या सांता क्रूझच्या कचेरीत तिसऱ्या मजल्यावर ती नुकती खुर्चीत टेकली होती, पडद्यावर उपग्रहाचं ताजं चित्र उमटत होतं, तेवढ्यात तिच्या गावाहून, सान अंब्रोसिओहून, तिचे वडील प्रोफे सिरिलो यांचा फोन आला. वय एक्क्याऐंशी, जोडीला दमा, पण आवाज अजून वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. प्रोफे म्हणजे गावाने शिक्षकाला मारायची हाक. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी ती त्यांना चिकटलेली होती.

"देल्मी, आपली मार्बेल पेपरात आली गं. ब्युनॉस आयरिसच्या. अर्धं पान दिलंय तिला."

देल्मिराने छान म्हटलं. वडिलांनी मग मथळा वाचून दाखवला, 'धुराची वाट ओळखणारी बाई', आणि फोटोतल्या मार्बेलच्या मागे जो नकाशा होता त्याचं वर्णन केलं: वर ॲमेझॉन, डावीकडे अँडीजची भिंत, आणि भिंतीला घासून खाली खाली उतरत, बोलिव्हिया, पाराग्वाय, आर्जेंटिना ओलांडून थेट समुद्रात शिरणारा करडा पट्टा. शेजारच्या पोराकडून त्यांनी ते पान छापून घेतलं होतं आणि जेवणाच्या टेबलासमोर लावलं होतं.

देल्मिराला नकाशाचं वर्णन नको होतं. त्याचा वरचा अर्धा भाग तिचाच होता. चिकितानियाच्या जंगलात रोज कुठे नवी आग लागली, कुठली विझली, कुठली फक्त धुमसते आहे, हे ती दर सकाळी ठिपक्या-ठिपक्याने तपासून पाराग्वायमध्ये आसुन्सिओनला मार्बेलकडे पाठवत असे. अकरा वर्षं. मार्बेल तिकडून वारा कळवायची. दोघींचा जुना विनोदच होता तो, की तू मला धूर पाठव, मी तुला वारा पाठवते.

तिने खाणावळीत जाऊन तो पेपर मोबाइलवर उघडला. फोटोत मार्बेल सुरेख दिसत होती. केस कापले होते. मजकुरात देल्मिराचं नाव तिने तीनदा शोधलं. 'बोलिव्हियातील सहकाऱ्यांकडून मिळालेली माहिती' एवढे शब्द होते. सहकाऱ्यांकडून. देल्मिराने समोरचा कुन्यापे, चीज घातलेला छोटा पाव, न खाताच ताटलीत ठेवला, आणि गरम असताना त्याच्यातलं चीज कसं लांबतं हे ज्या बाईला मनापासून आवडायचं, ती बाई तो गार होऊन दगड होईपर्यंत नुसती बघत बसली.

दोघी एकाच बाकावर वाढलेल्या. मार्बेलचा बाप लाकडाच्या गिरणीत कामाला होता, घरात पाच भावंडं, म्हणून दुपारचं जेवण ती बहुतेक वेळा प्रोफेंकडेच घ्यायची. भूगोल प्रोफेच शिकवत. फळ्यावर दक्षिण अमेरिकेचा आकार मार्बेल खडू न उचलता एका दमात काढायची, पनामाच्या देठापासून निघून, ब्राझीलचा फुगवटा घेऊन, खाली टोकाला वळून परत वर. प्रोफे म्हणायचे, "पोरांनो, बघा, हात बघा तिचा." देल्मिराचा नकाशा मार्बेलपेक्षा अचूक असायचा, फक्त तिला मध्ये दोनदा खडू उचलावा लागायचा.

पुढे दोघी सांता क्रूझला शिकल्या. उपग्रहाची चित्रं वाचायला शिकवणारा चार महिन्यांचा वर्ग ब्राझीलमध्ये निघाला, त्याला दोघींची नावं लागली. त्याच महिन्यात देल्मिराची आई अंथरुणाला खिळली. मार्बेल एकटी गेली. परत आल्यावर तिने सगळ्या वह्यांच्या झेरॉक्स आणल्या आणि दोन आठवडे रोज स्वयंपाकघरात बसून देल्मिराला तो अख्खा अभ्यासक्रम शिकवला. ढग कापसासारखा पांढरा, धूर दुधात राख कालवल्यासारखा. सकाळ-संध्याकाळ कलत्या उन्हात तो उठून दिसतो, दुपारी ऊन डोक्यावर आलं की जमिनीत मिसळून जातो. हे सगळं देल्मिरा मार्बेलकडून शिकली. ते उपकार ती विसरली नव्हती. विसरता आले असते तर तिला बरं झालं असतं.

त्या वर्गाच्या जोरावर मार्बेलला आसुन्सिओनच्या विद्यापीठात जागा मिळाली. देल्मिरा प्रांताच्या या कचेरीत लागली आणि राहिली. आता ती त्रेपन्न वर्षांची होती. दर दहा मिनिटांनी येणारं चित्र बघायचं, तांबडे ठिपके मोजायचे, धुराची कड हाताने रेखायची, आणि तो कुठल्या गावावर कधी पोचेल त्याचं पत्रक सकाळी अकराच्या आत गावोगाव पाठवायचं. तिच्या पत्रकावर शाळा बंद ठेवायच्या की नाही ते ठरे. कोणी आभार मानत नसे, कारण तिच्या पत्रकात आनंदाचं काही नसेच.

तिला राहून राहून वाटे की धुरातही फरक आहे. इथे तो पेटल्या झाडावरून थेट नाकात येतो, डोळे जाळतो, म्हातारी माणसं नेतो. मार्बेलकडे पोचेपर्यंत तीनशे कोस फिरून तो कसा निवळलेला, पातळ. त्याने सूर्य नारिंगी होतो, लोक गच्चीवर जाऊन फोटो काढतात आणि विचारतात, हे काय आहे, कुठून आलं? मग मार्बेल सांगते. इकडे कोणी विचारत नाही. इकडे सगळ्यांना माहीत असतं.

फोटोनंतरचे चार दिवस तिने मार्बेलला आगींची यादी पाठवली, पण खाली नेहमीसारखं काही लिहिलं नाही. मार्बेलच्या निरोपांना तिने अंगठ्याचं चिन्ह पाठवून भागवलं.

तेवीस सप्टेंबरला ती साडेसहाला कामावर आली. दुसऱ्या दिवशी प्रांताचा वाढदिवस होता, गावोगाव शाळांची परेड. संगणकाचं गणित सांगत होतं की दक्षिणेचा गार वारा, ज्याला इथे सगळे सुरासो म्हणतात, चोवीसच्या संध्याकाळी पोचेल. तोवर उत्तरेचा वारा धुराला खालीच नेत राहील. देल्मिराने पत्रकात तसं लिहिलं: 'चोवीस तारखेला दिवसभर धूर दक्षिणेकडे. उत्तरेच्या गावांना सायंकाळनंतर त्रास संभवतो.' परेड निर्धोक होती.

पावणेदहाला फोन थरथरला. मार्बेलचा आवाजी निरोप, सव्वादोन मिनिटांचा. देल्मिराने नाव पाहिलं आणि फोन पालथा घातला. दहा मिनिटांनी आणखी एक आला. मग सरळ फोन वाजायला लागला. समोरच्या टेबलावरचा ग्रोव्हर, जो तिच्याहून पंचवीस वर्षांनी लहान होता आणि तिला आदराने डोन्या देल्मिरा म्हणायचा, मान वर करून म्हणाला की फोन वाजतोय.

"वाजू दे. मुलाखतीतून सवड मिळाली असेल बाईसाहेबांना."

ग्रोव्हर हसला. आपण विनोद केला आणि तो जमला याचं तिला बरं वाटलं. फोन आणखी तीनदा वाजला तेव्हा तिने तो खणात टाकला. मनाशी तिने ठरवलं की दुपारी ऐकू, मग जेवणानंतर ऐकू, मग घरी गेल्यावर. मार्बेल काय सांगणार ते जणू तिला माहीतच होतं: अमक्या वाहिनीवर बोलावलंय, तमक्याने लिहिलंय, अगं मला तर लाजच वाटते बाई.

संध्याकाळी साडेचारला ऊन कललं आणि धूर पुन्हा उठून दिसू लागला, तेव्हा देल्मिराला चित्रात एक गोष्ट दिसली. धुराच्या पट्ट्याचं खालचं टोक रोज पिंजल्यासारखं विस्कटलेलं असे. आज ते पाराग्वायच्या उत्तरेला सुरीने कापल्यासारखं सरळ होतं, आणि त्याच्या खाली जमीन लख्ख. आसुन्सिओनवर धुराचा मागमूस नव्हता.

सोळा वर्षं हे काम करणाऱ्या बाईला अशा कडेचा अर्थ कळायला हवा होता. कळला असताही. पण त्या घटकेला तिच्या मनात पहिलं जे आलं ते असं, की आज मार्बेलकडे आकाश निळं आहे. आज तिला कोणी काही विचारणार नाही. तिने ती निळाई जरा वेळ पाहिली. तिला छान वाटलं. मग तिने पडदा बंद केला, खणातला फोन पिशवीत टाकला आणि सुट्टीच्या आदल्या दिवशीची गर्दी टाळायला दहा मिनिटं लवकर निघाली.

चोवीसला पहाटे तिला जाग आली ती खिडकीचं दार आपटल्याने. अंगावरची चादर अपुरी पडत होती. ती उठून खिडकीशी गेली, वारा तोंडावर घेतला, आणि तो दक्षिणेचा आहे हे कळायला तिला कुठलंही चित्र लागलं नाही.

पाऊण तासात ती कचेरीत होती. सहा वाजून वीस मिनिटांनी चित्र आलं. काल खाली वाहणारा धूर उलटा फिरला होता. आग होती तिथून तो रुंद जिभेसारखा वर, वायव्येला पसरला होता, आणि जिभेचं टोक उत्तरेच्या ग्वारायोस भागातल्या गावांपर्यंत पोचलं होतं. सान अंब्रोसिओ त्याच्या खाली होतं.

तिने नगरपालिकेला फोन लावला, सुट्टी होती. शाळेला लावला, सगळे चौकात होते. वडिलांना लावला, वाजत राहिला, कारण परेडला जाताना ते मोबाइल घरी ठेवत, कोटाचा खिसा फुगतो म्हणून. शेवटी आठ वाजून दहा मिनिटांनी नगरपालिकेची एक बाई सापडली. ती म्हणाली की इथे पहाटेपासूनच धुकं असल्यासारखं आहे, सूर्य नुसता तांबडा गोळा दिसतोय, पण पत्रकात तर संध्याकाळ लिहिलं होतं, म्हणून आम्ही सुरू केलं. देल्मिराने तिला ताबडतोब थांबवायला सांगितलं. बाईने थांबवलं. तोवर पोरं दीड तास उभी होती. अकरा मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं, ती संध्याकाळपर्यंत घरी आली. निवृत्त शिक्षकांची रांग सगळ्यांच्या पुढे होती. त्या रांगेतले प्रोफे सिरिलो बँडचा पहिला ठोका पडल्यावर चालायला म्हणून निघाले आणि चार पावलांवर रस्त्याच्या कडेला बसले. ओठ निळे पडले होते.

गावाकडच्या बसमध्ये देल्मिराने कालचे निरोप उघडले. शेजारची बाई मांडीवर कोंबडी घेऊन पेंगत होती. देल्मिराने फोन कानाशी घट्ट धरला.

"देल्मी, ऐक," मार्बेलचा आवाज घाईत होता, मागे वारा घोंघावत होता. "सुरासो इथे पोचला. संगणक उद्या पहाटे म्हणत होता ना, तो आज साडेनऊलाच आमच्या गच्चीवरचे कपडे घेऊन गेला. एकोणचाळीसवरून बावीसवर आलं बघ तापमान, तासाभरात. ढग एकही नाही, कोरडा आहे, त्यामुळे चित्रात तुला तो दिसायचाच नाही. धुराची कड बघत राहा, ती सरळ झाली की समज. माझ्या अंदाजाने पहाटेपर्यंत तुमच्याकडे येईल, म्हणजे तुमचा धूर तुम्हालाच परत. उद्या तुमची परेड ना? पत्रक बदल."

दुसऱ्या निरोपात ती म्हणत होती की खाली आर्जेंटिनातल्या फोर्मोसाच्या माणसालाही विचारलं, तिकडेही तेच आहे. तिसरा दुपारचा होता.

"तू उचलत नाहीयेस. चिडली आहेस का माझ्यावर? असशील तर नंतर चीड, आधी गावाला कळव. मी प्रोफेंना फोन करून ठेवते."

मुलाखतीचा, पेपराचा शब्दही कुठे नव्हता. देल्मिराने तिन्ही निरोप पुन्हा ऐकले. तिला वाटलं होतं की आता तरी मार्बेलबद्दलचा राग निवेल, पण उलटंच झालं. ही बाई बरोबरही असते आणि चांगलीही असते, एका माणसाकडे दोन्ही कशाला, असं तिच्या मनात आलं, आणि त्या विचाराचीच तिला शिसारी आली.

दवाखान्यात प्रोफेंच्या नाकाला नळी होती. परेडचा काळा कोट खुर्चीच्या पाठीवर नीट अडकवलेला. मुलीला पाहून त्यांनी हात वर केला आणि दमादमाने बोलायला लागले. तिने गप्प राहायला सांगितलं, पण शिक्षकाला गप्प करणं सोपं नव्हतं.

"काल दुपारी मार्बेलचा फोन आला होता," ते म्हणाले. "म्हणाली, प्रोफे, उद्या बाहेर पडू नका, धूर उलटा येतोय. मी म्हटलं, पोरी, माझी मुलगी तिथे त्या चित्रासमोरच बसलेली असते. धूर यायचा असता तर तिने मला सांगितलं नसतं का? मुख्याध्यापिका विचारायला आल्या, त्यांनाही मी तेच सांगितलं. मार्बेल हुशार आहे, पण लांब आहे. आपली देल्मिरा चुकत नाही, म्हटलं."

त्यांनी थोडा श्वास घेतला.

"संगणक चुकला असेल ना?"

"हो पप्पा," देल्मिरा म्हणाली.

ती बाहेर व्हरांड्यात आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. चाळीस वर्षं तिने ज्या गोष्टीसाठी जीव जाळला होता, की त्या एका माणसाने मार्बेलपेक्षा आपल्याला वरचढ मानावं, ती तिला मिळालेली होती. कधीपासून मिळालेली होती कोण जाणे. त्यांनी कधी म्हणून दाखवलं नव्हतं, आणि म्हटलं ते अशा दिवशी.

तिथूनच तिने मार्बेलला फोन लावला. मार्बेलने पहिल्याच घंटीला उचलला आणि प्रोफे कसे आहेत ते विचारलं. देल्मिराने सांगितलं. मग म्हणाली, "तुझे निरोप आले होते. मी ऐकले नाहीत. फोन खणात टाकला होता."

"कामात होतीस."

"कामात नव्हते. तुझा फोटो आला ना पेपरात, तेव्हापासून तुझा आवाज नको झाला होता मला."



"मी किती वेळा फोन केला होता?" मार्बेलने विचारलं.

"चार वेळा."

"मोजलेस होय," मार्बेल म्हणाली, आणि फोन ठेवला.

प्रोफे नऊ दिवसांनी घरी आले. छाती पहिल्यासारखी झाली नाही. चौकापर्यंत जाऊन यायचं तर मध्ये दोनदा बसावं लागे. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगत की संगणकाचं गणित चुकलं, माझ्या मुलीचा काही दोष नाही. मुलीसमोरही सांगत. देल्मिरा तेव्हा काहीतरी निमित्त काढून आत जाई. कचेरीत तिने साहेबांना चूक लिहून दिली होती, संध्याकाळची कड आपल्याला दिसली होती हेही लिहिलं होतं. त्यांनी तिला बोल लावला आणि ठेवून घेतलं, कारण ते काम करणारं दुसरं कोणी नव्हतं. तेव्हापासून रोज सकाळी साडेसातला ती दक्षिणेच्या चार ठिकाणी स्वतः फोन करून वारा विचारते. आसुन्सिओनचा फोन ग्रोव्हर करतो.

डिसेंबरात पाऊस लागून आगी विझल्या तेव्हा ती गावी गेली आणि वडिलांना सगळं खरं सांगितलं. प्रोफे पपई कापत होते. त्यांनी फोड संपवली, सुरी पुसली.

"चौथीत असताना तू तिची नकाशाची वही विहिरीमागे लपवली होतीस," ते म्हणाले. "तेव्हाही तीन महिन्यांनीच सांगितलंस."

एवढंच. नंतर कोणी विचारलं तर ते धुराबद्दल बोलायचे, संगणकाबद्दल नाही.

पुढच्या जुलैत मार्बेल आजारी मावशीला भेटायला गावाकडे आली आणि एका दुपारी प्रोफेंकडे डोकावली. देल्मिरा घरातच होती. दहा महिने दोघींमध्ये फक्त आकडे गेले-आले होते, तेही ग्रोव्हरमार्फत. मार्बेलने तिला गालाला गाल लावून नमस्कार केला, जसा कोणालाही करतात, आणि प्रोफेंच्या शेजारी बसली. तासभर दोघांचं वाऱ्यावर चाललं होतं. अँडीजला आपटून वारा दक्षिणेकडेच का वळतो हे तिने त्यांना नव्याने काही वाचलेलं सांगितलं, आणि प्रोफे लहान मुलासारखे पुढे सरकून ऐकत होते. मध्येच त्यांनी टाळी दिली.

स्वयंपाकघरात भट्टीपाशी उभ्या देल्मिराच्या छातीत तेच जुनं, ओळखीचं काहीतरी पेटलं. ते गेलं असेल असं तिला उगाच वाटत होतं. तिने कुन्यापे काढले, ताटलीत घातले, बाहेर आणून टेबलावर ठेवले, आणि आत परत न जाता तिसरी खुर्ची ओढून बसली. मार्बेलने एक कुन्यापे उचलला, तोडला, फुंकर घातली.

"पुन्हा सांग," देल्मिरा तिला म्हणाली. "मी आत होते, मला नीट ऐकू आलं नाही."

मार्बेलने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग हातातला तुकडा खाली ठेवून तिने टेबलावर बोटाने अँडीज काढले आणि पहिल्यापासून सांगायला लागली.